खाली कोणी राहिलं का?

आप्पा मला कधी फोन करत नाहीत. माझ्या वडिलांना फोन लावता येतो, पण लेकीला फोन लावणं हे आईचं काम, असं त्यांनी ठरवून टाकलेलं आहे. आई बोलते आणि ते शेजारी बसून ऐकतात. त्यामुळे त्या सकाळी कॉलेजच्या वाटेवर फोनवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा तो उचलायच्या आधीच मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. मग आप्पा म्हणाले, "बालाजी गेला माय. पहाटं छातीत कळ आली." मी विचारलं, मामीला कळवलं का? मामी तर तिथेच होत्या, त्यांच्याच मांडीवर मामांनी डोकं ठेवलं होतं... पण मला दुसरं काही सुचलं नाही. आप्पांनीही मला वेड्यात काढलं नाही. "हाव, कळवलंय," एवढंच म्हणाले.

मी जर्मनीत शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे परदेशात गेलेलीही पहिलीच. परीक्षा तोंडावर होत्या, तिकीट मिळेना, तेराव्यालाही मी पोहोचले नाही. लातूरला मामाच्या घरी गेले तेव्हा तीन-चार आठवडे होऊन गेले होते, भेटायला येणाऱ्यांची गर्दी सरली होती. मला लिहायची सवय नाही. मामांबद्दल नीट सांगता येईल की नाही, याचीही धाकधूक आहे. पण त्या घरात आप्पांनी मला एक गोष्ट सांगितली, ती कोणालातरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

बालाजी मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. एसटीत कंडक्टर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी लातूर-मुखेड गाडीवर काढली, आणि आमचं गाव मुखेडच्या अलीकडे, फाट्यावरून थोडं आत असल्यामुळे अख्खं गाव त्यांना ओळखत होतं. अंगाने किडकिडीत, खांद्यावर कायम एक निळ्या काठाची पांढरी दस्ती. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. मामांची मात्र चांगली हात-दीड हात असायची. मामांचा स्वभाव काळजीचा. गाडी चहाला थांबली की माणसं उतरायची, आणि हे दारात उभे राहून कोण उतरलं, कोण चढलं याच्याकडे बघत राहायचे, स्वतः चहा प्यायचे नाहीत. निघताना बेलच्या दोरीवर हात ठेवायचे आणि मोठ्याने विचारायचे, "खाली कोणी राह्यलं का?" उत्तर येईपर्यंत दोरी ओढायचे नाहीत. रोजच्या माणसांना त्याची गंमत वाटायची. एकदा मी गाडीत असताना मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "राह्यली ना, माझी सासू राह्यली. चाळीस वर्षं झाली, थांबवा अजून." सगळी गाडी हसली. मामाही हसले, पण खाली वाकून एकदा बघून आले, आणि मगच डबल बेल दिली.

घरीही तेच. अकरावी-बारावीला मी लातूरला त्यांच्याकडे राहायला होते. कुठे जायचं असलं की आम्ही सगळे अंगणात उभे, मामा कुलूप हातात घेऊन उंबऱ्यात, आणि आत रिकाम्या घराकडे तोंड करून विचारायचे, कोणी राहिलं का? मामी म्हणायच्या, "तुमची अक्कल राह्यली, ती घेऊन या." मग कुलूप लागायचं.

पुढे मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेले. सुट्टीला घरी जाताना स्टँडवरची गर्दी बघून मला रडू यायचं. गाडी लागायच्या आधीच माणसं तिच्याबरोबर पळायची. मामांनी एकदा मुद्दाम रजा काढून, नांदेडला येऊन मला जागा धरायला शिकवलं. आता याला शिकवणं म्हणायचं का... पण त्यांनी शिकवलं खरं. गाडी वळतानाच खिडकी हेरायची, दस्ती आत टाकायची, दस्ती नसेल तर पिशवी टाकायची. मग दाराशी कितीही रेटारेटी असो, घाबरायचं नाही. "दस्ती टाकली की ती जागा आपली," ते म्हणाले. "कोणी हात लावत न्हाई. आधी जागा, मग मागच्यांना हाका मारायच्या." आमच्याकडे ते खरंच आहे. ज्या गाडीत माणूस माणसाच्या अंगावर उभा असतो, तिथेही दुसऱ्याची दस्ती उचलून बसणारा विरळा. पुढे चार वर्षं मी तेच केलं, मैत्रिणींच्याही जागा धरल्या, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

जर्मनीचा प्रवेश आला तेव्हा आप्पा नाही म्हणाले नाहीत. ते काहीच म्हणाले नाहीत, आणि त्यांचं काहीच न म्हणणं मला लहानपणापासून माहीत आहे. चौथीनंतर शाळा सुटलेला माणूस. पोरगी एवढ्या लांब एकटी, तिथे तिला काही झालं तर आपण कोणाच्या दारात जायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मामा दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आले आणि ओसरीवर आप्पांसमोर बसले. म्हणाले, "दाजी, तिचं कायबी कमीजास्त झालं तर मला धरा." आप्पांनी एकच अट घातली. कॉलेज आणि खोली, बाकी कुठे नाही. मामा हो म्हणाले. निघायच्या दिवशी त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून, घडी करून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मामा, तिकडे जागा धरावी लागत नाही. ते म्हणाले, माणसं हायत ना तिकडं? मग लागंल.

पहिली थंडी मी फक्त कॉलेज आणि खोलीतच काढली. अट होती म्हणून, आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. दुकानात जाताना पासपोर्ट बरोबर, कपडे धुवायला खाली जाताना पासपोर्ट बरोबर. कोणी काही विचारलं तर, कुठे चुकलं तर, परत पाठवलं तर... रात्रंदिवस तेच. झोप कमी झाली, जेवण कमी झालं. आईला हे कळू दिलं नाही. मामांना मात्र नुसत्या आवाजावरून कळलं. एका रविवारी मी सांगितलं, वर्गातले दोघे पुढच्या शनिवारी प्रागला चाललेत, मला बोलावतायत, पण मी जाणार नाही. मामा म्हणाले, "जा. खोलीत बसून बसून माणसाचं डोकं फिरतंय. दाजींचं मी बघतो." ते आप्पांना काय सांगणार आहेत ते मी विचारलं नाही. त्या क्षणी मला एवढंच कळलं की आप्पांची अट मोडली जाणार आहे, आणि तिचं ओझं मामांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं आहे.

बरोबर हैदराबादचा साईतेजा आणि व्हिएतनामची लिन होती. आमच्या लहान शहरातून निघून ड्रेस्डेनला गाडी बदलायची होती. शनिवारची सकाळ, ऊन पडलेलं, फलाटावर ही गर्दी. ते दोघे कॉफी घ्यायला मागे राहिले आणि प्रागची गाडी आली. गाडी बघितली आणि माझं काय झालं कोण जाणे, मी नांदेडच्या स्टँडवर असल्यासारखी पळाले. सगळ्यांच्या आधी आत शिरले. चार जणांची एक बैठक रिकामी होती. एका जागेवर माझी पिशवी ठेवली, समोरच्या दोन जागांवर मामांची दस्ती लांब पसरली. चौथ्या जागेवर एक पांढऱ्या केसांच्या आजी येऊन बसल्या. जागा धरून झाली होती, म्हणून ठरलेल्या रीतीने मी दाराशी आले, आणि ते दोघे दिसेनात म्हणून खाली उतरून हात वर करून हाका मारू लागले. मागे काहीतरी टींटीं वाजलं. वळून बघते तर दार बंद होत होतं. दार उघडायचं बटण दाबलं, त्याचा दिवा विझलेला. काचेतून त्या आजी माझ्याकडे बघून उठून उभ्या राहिल्या, एवढं दिसलं. मग गाडी गेली... पिशवीत पासपोर्ट होता, तिथे राहायच्या परवानगीचं कार्ड होतं, सगळं होतं. माझ्या हातात फक्त फोन.

साईतेजा कॉफीचे पेले घेऊन पोहोचला. काय झालं ते ऐकून आधी त्याला हसू आलं. "ये तुम्हारे मुखेड का बस है क्या जी?" म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने पेले खाली ठेवले. लिनने माझा हात धरला. तिकिटं साईतेजाच्या फोनवर होती ते एक बरं. स्टेशनच्या कचेरीतल्या बाईंनी पुढे फोन लावला, कोणी उचलला नाही. त्या म्हणाल्या, पुढची गाडी दोन तासांनी आहे. तुम्ही इथे थांबू शकता किंवा प्रागला जाऊन विचारू शकता. पण प्राग दुसऱ्या देशात. कागदाशिवाय त्या देशात जायचं कसं, आणि वाटेत पोलीस चढले तर काय... पासपोर्ट गेला म्हणजे कचेऱ्यांचे खेटे, शिक्षण थांबणार, आणि आप्पा म्हणणार, ये परत. त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नव्हतं. मी मामांना फोन लावला. रडत रडतच सगळं सांगितलं.

मामांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "दार लावताना कुणी इचारलं न्हाई का, खाली कोणी राह्यलं का म्हून?" मी म्हटलं, इथे कोणी नसतं विचारायला, दारं आपोआप लागतात. "कुणीच न्हाई?" त्यांनी पुन्हा विचारलं. माझ्या अडचणीपेक्षा त्या गोष्टीचंच त्यांना वाईट वाटलं असावं, असं मला वाटून गेलं. मग त्यांचा आवाज एकदम बदलला, गाडीत भांडण सोडवताना व्हायचा तसा. सोबत कोण आहे, फोन किती चार्ज आहे, पोटात काही गेलंय का. मी विचारलं, मामा, इथे थांबू की जाऊ? "सामान जिकडं गेलंय तिकडं जा," ते म्हणाले. "दस्ती टाकलीस ना? मग जागा धरलेली हाय." मला रडता रडता हसू आलं. मी म्हटलं, आप्पांना सांगू नका. ते म्हणाले, तू तुझं बघ माय.

पुढचे दोन तास कसे गेले ते मला सलग आठवत नाही. लिनने बळेच अर्धा पाव खायला लावला. मध्ये मामांचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज होता, आणि मधूनच बेल ऐकू आली, एकदा सिंगल, मग डबल. मी विचारलं, ड्युटीवर आहात का? हाव म्हणाले. पुढच्या गाडीत आम्ही दाराजवळच उभे राहिलो, जागा होती तरी. बाहेर नदी, उंच कडे, काठावरची छोटी घरं, सगळे जण फोटो काढत होते. सरहद्दीच्या आसपास दोन पोलीस डब्यात आले. एकाने माझ्या शेजारच्या माणसाचे कागद बघितले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, नदीचं पाणी हललेलंही मला दिसत नव्हतं. ते पुढे गेले. का गेले ते मला आजही माहीत नाही.

प्रागच्या स्टेशनात हरवलेल्या सामानाची खिडकी शोधायला बरंच फिरावं लागलं. आतल्या माणसाने माझं नाव विचारलं आणि मागे जाऊन पिशवी आणून ठेवली. वर दस्ती होती, चौघडी घातलेली. तो म्हणाला, एका म्हाताऱ्या बाईंनी आणून दिली. सगळी वाट मांडीवर घेऊन बसल्या होत्या म्हणे. नाव सांगितलं नाही. पासपोर्ट, कार्ड, सगळं जिथल्या तिथे. मी तिथेच उभी राहून मामांना फोन केला, सापडली म्हणून सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, "बरं झालं. जा, फिर आता. मागं बघू नको." त्यांच्या मागे अगदी शांत होतं. कोणीतरी खाकरल्यासारखं वाटलं. डेपोत इतकं शांत कधी नसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आम्ही फिरलो. पूल पाहिला, घड्याळाचा बुरूज पाहिला, लाल कौलांचं अख्खं शहर वरून पाहिलं. सगळ्या फोटोंत मी पिशवी छातीशी धरून उभी आहे. त्यानंतर मी आणखी तीन-चार शहरं पाहिली. दर वेळी फक्त मामांना सांगून गेले, आणि दर वेळी आईशी बोलताना आप्पांना कळलं तर काय, ही भीती मनात असायची. शनिवार आला की मी घरी फोन करायचं टाळायचे. मामांना म्हणायचे, कधीतरी सांगावं लागेल हो. ते म्हणायचे, सांगू की, घाई काय हाय.

यंदा लातूरला गेले तेव्हा आप्पा, आई मला घ्यायला मामांच्या घरी येऊन थांबले होते. मामी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मामांची दुसरी दस्ती खुंटीला होती, तिच्याखाली त्यांची खाकी पँट. दुपारी जेवणं झाल्यावर आई आणि मामी आत गेल्या. आप्पा बाजेच्या कडेला बसले होते, मामा बसायचे ती जागा सोडून. मला वाटलं आत्ताच सांगून टाकावं. आता मध्ये पडायला मामा नाहीत. मी म्हटलं, आप्पा, मी तिकडे बाहेरगावी फिरायला जात होते... आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "ठावं हाय. पिशवी गेलती ना तुझी."

मग त्यांनी सांगितलं. त्या शनिवारी मामांना सुट्टी होती. माझा पहिला फोन झाल्यावर ते तसेच स्टँडवर गेले आणि तिकीट काढून मुखेडच्या गाडीत बसले. मला ऐकू आलेली बेल दुसऱ्याच कंडक्टरची होती. फाट्यावर उतरले आणि उन्हात चालत थेट शेतात आले. आप्पा म्हणाले, मी औत सोडलं होतं, बघतो तर हा समोरून येऊलाय. बांधावर बसला, आधी पाणी पिला. "मला म्हणला, दाजी, तुमची अट मी मोडली. मी तिला जा म्हणलो. पिशवी गेली, तिच्यात समदं गेलं. आन् आता पुन्हा मीच तिला पुढं जा म्हणलोय. घावली तर घावली, न्हाई तर तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, तिला म्हणू नका." आप्पा थांबले. "मी काय म्हणणार? मला काय कळतंय त्यातलं... दोघं बसलाव तसंच. मग तुझा फोन आला."

म्हणजे ते खाकरणं आप्पांचं होतं. मी विचारलं, मग इतके दिवस मला का नाही बोललात? आप्पा म्हणाले, "तोच म्हणला, तिला कळू देऊ नका. तुम्हाला ठावं हाय म्हणलं की ती भ्याली. पुन्हा खोलीत बसंल." मामांना वाटलं आप्पांना कळलंय हे समजलं तर मी घाबरेन, आणि मी मात्र आप्पांना कळेल म्हणून घाबरत होते. हे सांगावंसं वाटलं, पण ज्याला सांगायचं तो माणूस नव्हता. आप्पा मग उठले, खुंटीपाशी गेले, दस्तीला हात लावल्यासारखं केलं आणि नुसतंच परत आले. म्हणाले, "आता मला कळवत जा. त्याला कळवायचीस तसं. मला काय इचारायचं ते कळत न्हाई, पण कळवत जा."

निघताना आम्ही सगळे अंगणात उभे होतो. मामी कुलूप घेऊन उंबऱ्यात थांबल्या. आत बघत त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी कुलूप लावलं.

इकडे परत आल्यावर गेल्या शनिवारी पहिल्यांदाच बाहेर पडले. तेच स्टेशन, तोच फलाट. मामांनी दिलेली दस्ती माझ्या पिशवीतच असते, पण मी ती जागेवर पसरली नाही, मांडीवर घेऊन बसले. पासपोर्ट आहे ना, म्हणून दोनदा हात घालून बघितलं. काळजी काही गेलेली नाही, ती जायची नाही बहुतेक. गाडी सुटायच्या आधी आप्पांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. मी सांगितलं कुठे चालले ते. ते हं म्हणाले, आणि मग इतका वेळ गप्प राहिले की फोन कटला का म्हणून मी बघितलं. मागे गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि कोणी ऐकेल अशी लाज वाटत असल्यासारखं हळू विचारलं, "खाली कोणी राह्यलं का?"

साईतेजा समोर होता, लिन शेजारी होती. तरी मी उठून दाराशी गेले आणि फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. मग म्हटलं, "न्हाई, आप्पा." टींटीं वाजलं, आणि दार लागलं.